स्कॉटलंडचे सार्वमत आणि प्रसारमाध्यमांचा पक्षपात

स्कॉटलंडने युनायटेड किंग्डममधून बाहेर पडून स्वतंत्र देश व्हावे का, या प्रश्नावर १८ सप्टेंबर २०१४ रोजी सार्वमत झाले. सोळा आणि सतरा वर्षांच्या मुलामुलींनाही मताचा अधिकार होता. ८४.६ टक्के मतदान झाले. २०,०१,९२६ जणांनी (५५.३ टक्के) ‘नाही’ म्हटले, तर १६,१७,९८९ जणांनी (४४.७ टक्के) ‘होय’. निकाल लागला, पण त्याच्या जोडीने पेटलेला दुसरा वाद विझला नाही. वृत्तपत्रांनी आणि विशेषतः बीबीसीने या प्रचाराचे वार्तांकन कोणाकडे झुकून केले, हा तो वाद.

येथे पक्षपात म्हणजे खोटी बातमी देणे असा अर्थ घेऊ नये. धडधडीत खोटे या काळात तुलनेने कमी छापले गेले. तक्रार वेगळीच होती. कोणाचे विधान ‘बातमी’ ठरते आणि कोणाचे नुसतीच ‘प्रतिक्रिया’? बातमीपत्र कोणाच्या वाक्याने सुरू होते आणि शेवटचा शब्द कोणाला मिळतो? एका बाजूला रोज प्रश्न विचारले जातात आणि दुसरीला क्वचितच, असे होते का? लंडनहून चालणाऱ्या माध्यमांच्या लेखी असलेली व्यवस्था ही सहज, नैसर्गिक गोष्ट होती आणि बदल मागणाऱ्यानेच सगळा पुरावा आणायचा होता. पक्षपाताचे मूळ मुख्यतः इथे आहे.

शब्दांचा पेच

स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीला (एसएनपी) २०११ मध्ये हॉलीरूडच्या, म्हणजे स्कॉटिश संसदेच्या, १२९ जागांपैकी ६९ जागा मिळाल्या आणि सार्वमताचा मार्ग मोकळा झाला. १५ ऑक्टोबर २०१२ रोजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आणि स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख, आणि एसएनपीचे नेते अॅलेक्स सॅमंड यांनी एडिंबरा करारावर सह्या केल्या. त्यानंतरची पहिली चकमक प्रश्नाच्या शब्दरचनेवरूनच झाली. सॅमंड सरकारने सुचवलेला प्रश्न होता : ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा, याशी तुम्ही सहमत आहात का?’ ‘सहमत आहात का’ असे विचारले की माणूस हो म्हणण्याकडे झुकतो, असे सांगून निवडणूक आयोगाने २०१३ च्या जानेवारीत ते शब्द गाळायला लावले. अंतिम प्रश्न ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?’ एवढाच राहिला. तरीही ‘होय’ हा उत्साहाचा शब्द एका बाजूला गेला आणि ‘नाही’ हा नकाराचा दुसरीकडे, ही ऐक्यवाद्यांची कुरबुर शेवटपर्यंत टिकली.

प्रचारात एक बाजू ‘स्वातंत्र्य’ म्हणे, दुसरी ‘फुटून निघणे’. पत्रकाराने यांतला कोणताही शब्द उचलला की कोणीतरी दुखावणारच. मराठीत लिहिणाऱ्यालाही हा पेच चुकत नाही. ‘फुटीरतावादी’ लिहिले की निवाडा आधीच दिल्यासारखे होते. आणि विरुद्ध बाजूला ‘संघवादी’ म्हणावे, तर आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर भलताच संघ उभा राहतो. म्हणून या नोंदीत ‘स्वातंत्र्यवादी’ आणि ‘ऐक्यवादी’ हे शब्द वापरले आहेत.

वृत्तपत्रे

वृत्तपत्रांवर निःपक्ष राहण्याचे कायदेशीर बंधन ब्रिटनमध्ये नाही. अग्रलेखातून उघडपणे एक बाजू घेणे ही तिथली जुनी रीत आहे, तेव्हा त्यांनी बाजू घेतली यात गैर काही नाही. खुपणारी गोष्ट होती ती प्रमाण. मतदारांपैकी जवळजवळ पंचेचाळीस टक्क्यांनी ज्या पर्यायाला मत दिले, त्याला ग्लासगोच्या ‘संडे हेरल्ड’ या एकाच प्रमुख वृत्तपत्राचा पाठिंबा होता. त्याने ४ मे २०१४ च्या अंकात तो जाहीर केला. त्या दिवसाचे मुखपृष्ठ लेखक-चित्रकार अॅलस्डेअर ग्रे यांनी चितारले होते. त्याच मालकीच्या दैनिक ‘हेरल्ड’ने मात्र, स्कॉटलंडला अधिक अधिकार मिळावेत अशी अट घालून, ऐक्याच्या बाजूने कौल दिला. ‘स्कॉट्समन’ही ऐक्याच्याच बाजूचा.

‘स्कॉटिश सन’ची कथा अधिक रंजक आहे. २००७ च्या हॉलीरूड निवडणुकीच्या दिवशी या पत्राने पहिल्या पानावर फाशीचा दोर छापून, एसएनपीला मत म्हणजे स्कॉटलंडच्या गळ्यात फास, असे बजावले. २०११ मध्ये त्याच पत्राने सॅमंड यांना पाठिंबा दिला आणि २०१४ मध्ये ते तटस्थ राहिले. ३० एप्रिल २०१५ रोजी, सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, तर एकाच नाममुद्रेच्या दोन अंकांनी दोन उपदेश केले. लंडनच्या अंकावर कॅमेरॉन यांचा चेहरा लावलेले, दुपट्यात गुंडाळलेले बाळ होते. एसएनपीला सत्तेपासून दूर ठेवण्यासाठी हुजूर पक्षाला मत द्या, असा त्याचा आग्रह. स्कॉटलंडच्या अंकावर एसएनपीच्या तेव्हाच्या नेत्या निकोला स्टर्जन अंतराळपटातल्या राजकन्येच्या वेशात झळकल्या आणि एसएनपीला मत द्या, असे वाचकांना सांगितले गेले. मालक एकच, दिवस एकच. अशा ठिकाणी पक्षपातापेक्षा दुकानदारी हा शब्द जास्त शोभतो.

बीबीसी आणि ११ सप्टेंबरचा प्रश्न

बीबीसीची गोष्ट निराळी. दूरचित्रवाणी पाहणाऱ्या घरांकडून परवाना शुल्क घेऊन ती चालते; २०१४ मध्ये हे शुल्क वर्षाला १४५.५० पौंड होते. सनदेनुसार तिच्यावर निःपक्षपाताचे बंधन आहे. वर्तमानपत्र आवडले नाही तर घेणे बंद करता येते, इथे तशी सोय नाही. ‘आमच्याच पैशाने आमच्याविरुद्ध’ ही स्वातंत्र्यवाद्यांची भावना त्यातूनच आली.

या भावनेला २०१४ च्या जानेवारीत आकड्यांचा आधार मिळाला. वेस्ट ऑफ स्कॉटलंड विद्यापीठातील प्राध्यापक जॉन रॉबर्टसन यांनी सप्टेंबर २०१२ पासूनच्या एका वर्षातील बीबीसी स्कॉटलंड आणि एसटीव्ही या वाहिन्यांची सायंकाळची बातमीपत्रे तपासली. स्वातंत्र्याला प्रतिकूल आणि अनुकूल विधानांचे प्रमाण साधारण ३ : २ भरते, बातमीपत्राची सुरुवात वारंवार स्वातंत्र्याच्या धोक्यांनी होते आणि स्वातंत्र्याची मागणी ही जणू सॅमंड या एका माणसाची हौस असल्यासारखी दाखवली जाते, असे त्यांचे निष्कर्ष होते. बीबीसीने त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतला आणि पत्र रॉबर्टसन यांच्याबरोबर विद्यापीठाच्या प्रमुखांनाही पाठवले. हे प्रकरण हॉलीरूडच्या समितीपुढेही गेले. आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. स्वातंत्र्याच्या प्रस्तावाची चिकित्सा करणारे प्रत्येक विधान पक्षपाताच्या खात्यात टाकता येत नाही; बदलाचा प्रस्ताव मांडणाऱ्याला जास्त प्रश्न पडणारच. पण प्राध्यापकाची तक्रार त्याच्या वरिष्ठांकडे नेल्याने त्याच्या आकड्यांना जेवढी प्रसिद्धी मिळाली, तेवढी एरवी मिळाली नसती.

सर्वांत गाजलेला प्रसंग ११ सप्टेंबर २०१४ चा, मतदानाच्या आठवडाभर आधीचा. ७ सप्टेंबरला ‘संडे टाइम्स’मधील यूगव्ह या संस्थेच्या मतचाचणीत ‘होय’ला ५१ आणि ‘नाही’ला ४९ टक्के मिळाले आणि लंडनचे धाबे दणाणले. १० तारखेच्या रात्री बातमी फुटली की, ‘होय’ झाल्यास रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आपले नोंदणीकृत कार्यालय लंडनला हलवणार. बातमीचा उगम लंडनच्या अर्थखात्यात होता आणि बँकेने बाजाराला अधिकृतपणे कळवायच्या आधीच ती बाहेर आली होती. दुसऱ्या दिवशी एडिंबरात सॅमंड यांनी जगभरच्या पत्रकारांना बोलावले. बीबीसीचे राजकीय संपादक निक रॉबिन्सन यांनी त्यांना विचारले : बँक गेली तर कराचे उत्पन्न जाईल, त्याचे काय? आणि अब्जावधींच्या कंपन्या चालवणाऱ्यांपेक्षा मतदारांनी एका राजकारण्यावर का विश्वास ठेवावा?

सॅमंड काही मिनिटे बोलत राहिले. कंपनी कर दारावरच्या पाटीवर ठरत नाही, व्यवहार कुठे होतो त्यावर ठरतो. नोकऱ्या हलणार नाहीत असे बँकेच्या प्रमुखांनीच कर्मचाऱ्यांना कळवले आहे, असे त्यांनी सांगितले. मग बाजारावर परिणाम करणारी माहिती अर्थखात्यातून फुटलीच कशी, याची चौकशी व्हावी म्हणत त्यांनी रोख बीबीसीकडे वळवला. सभागृहात टाळ्या पडल्या. संध्याकाळच्या वृत्तांतात मात्र रॉबिन्सन यांचा दुसरा प्रश्न दिसला आणि त्यावर त्यांचेच निवेदन ऐकू आले : सॅमंड यांनी उत्तर दिले नाही. पूर्ण चित्रफीत तोवर हजारो फोनवर फिरत होती. लोकांनी दोन्ही चित्रफिती शेजारी लावून पाहिल्या.

तांत्रिकदृष्ट्या रॉबिन्सन यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. ‘राजकारण्यावर विश्वास का ठेवावा’ या अर्ध्या प्रश्नाला सॅमंड यांनी थेट उत्तर दिले नव्हते. पण पाहणाऱ्याला समजले ते एवढेच की उत्तरच आले नाही, आणि तसे झाले नव्हते. रविवारी, १४ तारखेला, ग्लासगोत क्लाइड नदीकाठच्या पॅसिफिक की येथील बीबीसीच्या इमारतीसमोर मोठा जमाव जमला. त्यात रॉबिन्सन यांच्या नावाचा फलकही होता. वार्तांकन समतोल होते, या भूमिकेवर बीबीसी ठाम राहिली. पुढच्या वर्षी रॉबिन्सन यांनी स्वतःच, तो शब्दप्रयोग टाळायला हवा होता, अशी कबुली दिली.

युक्तिवादांची घडण

पक्षपाताची ओरड करताना स्वातंत्र्यवाद्यांनी आपल्या बाजूच्या भेगांवरही पांघरूण घातले. चलनाचा प्रश्न घ्या. स्वतंत्र स्कॉटलंड पौंड वापरत राहील आणि लंडनशी चलनसंघ करील, म्हणजे दोघांचे चलन सामाईक राहील, असे सॅमंड सरकारच्या २६ नोव्हेंबर २०१३ च्या श्वेतपत्रिकेत होते. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी अर्थमंत्री जॉर्ज ऑसबोर्न यांनी एडिंबरात येऊन सांगितले की, यूकेतून बाहेर पडाल तर पौंडातूनही बाहेर पडाल. मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षांनी त्यांची री ओढली. तीनच दिवसांनी युरोपीय आयोगाचे अध्यक्ष बारोसो बीबीसीवर म्हणाले की, स्कॉटलंडला युरोपीय संघात प्रवेश मिळणे फार अवघड, किंबहुना अशक्यच जाईल. ही धमकावणी आहे, असे सॅमंड म्हणत राहिले. मार्चअखेरीस ‘गार्डियन’ने एका निनावी मंत्र्याच्या हवाल्याने छापले की चलनसंघ अर्थातच होईल. हे लंडनकडचे वृत्तपत्र होते, हे विसरू नये. ५ ऑगस्टच्या दूरचित्रवाणी चर्चेत ऐक्यवाद्यांचे नेते अॅलिस्टर डार्लिंग यांनी ‘पौंड मिळाला नाही तर दुसरी योजना कोणती?’ हा एकच प्रश्न लावून धरला आणि सॅमंड यांच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते. तो दोष कुठल्या वाहिनीचा नव्हता.

तेलाचेही तसेच. श्वेतपत्रिकेने स्वतंत्र होण्याची तारीख २४ मार्च २०१६ धरली होती आणि तेलाचा भाव पिंपाला शंभर डॉलरच्या वर. जानेवारी २०१५ मध्येच तो पन्नासच्या खाली उतरला.

ऐक्यवाद्यांच्या ‘बेटर टुगेदर’ मोहिमेतल्या लोकांनी आपल्याच प्रचाराला आपसात गमतीने ‘प्रोजेक्ट फिअर’, म्हणजे भीतीचा कारखाना, असे नाव दिले होते. ते वर्तमानपत्रात आले आणि विरोधकांना आयते कोलीत मिळाले. उलट बाजूला, स्कॉटलंड ‘फार लहान, फार गरीब, फार मूर्ख’ आहे असे ऐक्यवादी म्हणतात, हे वाक्य स्वातंत्र्यवाद्यांच्या सभांत सतत ऐकू येई. ते या शब्दांत मुख्यतः स्वातंत्र्यवादीच उच्चारत.

माध्यमांवरचा विश्वास उडालेले लोक इंटरनेटकडे वळले. स्वातंत्र्यवादी संकेतस्थळे आणि त्यांच्या पुस्तिका यांनी बातम्यांची चिरफाड केली. त्यातले काही काम चोख होते. पण त्याच गर्दीत शिवीगाळही होती. लेखिका जे. के. रोलिंग यांनी ऐक्यवाद्यांना दहा लाख पौंड दिल्यावर त्यांच्यावर घाणेरड्या शब्दांचा भडिमार झाला. शीतपेयाच्या दोन क्रेटवर उभे राहून गावोगाव भाषणे देणारे मजूर पक्षाचे जिम मर्फी यांच्या अंगावर कर्कॉल्डीत अंडे फेकले गेले आणि त्यांना दौरा थांबवावा लागला. निकालानंतरही आकड्यांशी खेळ चालू राहिला. लॉर्ड अॅशक्रॉफ्ट यांच्या चाचणीत सोळा-सतरा वर्षांच्या ७१ टक्के मुलांनी ‘होय’ म्हटले, हा आकडा अजून फिरतो. त्या वयोगटातली चाचणीतली मुले होती अवघी चौदा.

‘शपथ’ आणि नंतर

१६ सप्टेंबर २०१४ रोजी ‘डेली रेकॉर्ड’ने पहिल्या पानावर जुन्या चर्मपत्राचा आभास देणारी एक घोषणा छापली. शीर्षक ‘शपथ’, खाली कॅमेरॉन, मजूर पक्षाचे नेते मिलिबँड आणि लिबरल डेमोक्रॅटांचे नेते क्लेग यांच्या सह्या. ‘नाही’ म्हणालात तर हॉलीरूडला मोठे अधिकार मिळतील, हे वचन. इथे वृत्तपत्राने बातमी दिली नाही, घडवली. या वचनातून स्मिथ आयोग आणि पुढे २०१६ चा स्कॉटलंड कायदा आला. वचन पाळले गेले का, यावर मात्र एकमत नाही.

२४ नोव्हेंबर २०१४ रोजी ‘द नॅशनल’ हे स्वातंत्र्यवादी दैनिक पाच दिवसांचा प्रयोग म्हणून निघाले आणि टिकले. बीबीसीने २४ फेब्रुवारी २०१९ रोजी स्कॉटलंडसाठी वेगळी वाहिनी सुरू केली. ऑगस्ट २०२२ मध्ये स्कॉटलंडमधल्या पर्थ येथे बीबीसीचे पत्रकार जेम्स कुक यांना निदर्शकांनी ‘देशद्रोही’ म्हणून घेरले. स्टर्जन यांनी त्याचा निषेध केला.

‘शपथ’ छापणारे ‘डेली रेकॉर्ड’चे संपादक मरी फुट २०१८ मध्ये स्वातंत्र्याचे समर्थक झाले आणि नंतर एसएनपीचे माध्यमप्रमुख. २०२३ च्या फेब्रुवारीत ‘डेली रेकॉर्ड’च्याच भगिनी-पत्राने, ‘संडे मेल’ने, पक्षाने सुमारे तीस हजार सदस्य गमावल्याचे छापले. फुट यांनी ती बातमी साफ चुकीची ठरवली. सुमारे महिन्याभराने पक्षानेच सदस्यांचा आकडा जाहीर केला, ७२,१८६. बातमी खरी निघाली. आपण पक्षाने दिलेल्या माहितीवर विसंबून बोललो, असे सांगून फुट यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते पक्षाचे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून परतले.