पोटाचा घेर, धमनीचं अस्तर आणि एक न विचारलेला प्रश्न

मागच्या महिन्यात एका शाळासोबत्याने मला गाडीतून घरी सोडलं. सोसायटीच्या दाराशी आल्यावर त्याने इंजिन बंद केलं, काच वर केली आणि समोर बघतच म्हणाला, "अरे, नीट होत नाही रे हल्ली. वर्ष झालं. ती गोळी घेतली तर चालेल का?" वय ४९. पंचवीस वर्षं खुर्चीवरचं काम. सीटबेल्ट पोटाच्या घडीत रुतला होता. मी डॉक्टर नाही, जीवशास्त्र शिकलेला आणि त्यावर लिहिणारा माणूस आहे, हे त्याला ठाऊक आहे. तरी डॉक्टरांपेक्षा मला विचारणं त्याला सोपं वाटलं. मी जे सांगत गेलो ते तासभर चाललं. त्यातलं बरंचसं इथे लिहितोय, कारण काच वर करून हा प्रश्न विचारावा लागणारा तो एकटा नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९८७ ते १९८९ या काळात ४० ते ७० वयाच्या पुरुषांची मोठी पाहणी झाली. त्यातल्या ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात शिश्नाच्या ताठरतेची तक्रार होती. म्हणजे दोघांत एक.

आपल्याकडे या तक्रारीची दोनच कारणं सांगितली जातात: एक तर 'मनाचं आहे', नाहीतर 'तरुणपणी धातू वाया घालवला'. मनाचा भाग असतो, आणि काही वेळा तो मोठा असतो. पण दुसरं कारण निखालस खोटं आहे. रक्ताच्या शंभर थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, ही समजूत कित्येक पिढ्यांच्या मनात भीती पेरत आली. वीर्यातला बहुतेक द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून येतो, तो सतत तयार होत राहतो, आणि ताठरतेशी त्याच्या साठ्याचा काही संबंध नाही. ताठरता ही रक्ताची गोष्ट आहे. रक्त आत येणं आणि आत अडकून राहणं, एवढंच.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. इथे थोडं सावकाश वाचा.

शिश्नात दोन लांबट नळकांडी असतात, स्पंजासारख्या पोकळ्यांनी भरलेली. या पोकळ्यांच्या भिंतींत आणि तिथे येणाऱ्या धमन्यांच्या भिंतींत अनैच्छिक स्नायू असतात. एरवी, म्हणजे शिथिल अवस्थेत, हे स्नायू आवळलेले असतात. ऐकायला उलटं वाटतं, पण शिश्न सैल तेव्हा आतले स्नायू घट्ट, आणि शिश्न ताठ तेव्हा आतले स्नायू सैल! स्नायू सैल झाले की धमन्या रुंदावतात, पोकळ्यांमध्ये रक्त भरतं, नळकांडी फुगतात आणि त्यांच्या चिवट बाहेरच्या आवरणाखाली परतीच्या शिरा चेपल्या जातात. पाण्याचा पाइप पायाखाली दाबावा तसं. येणारं रक्त येत राहतं, जाणाऱ्याची वाट बंद होते, दाब वाढतो.

मग स्नायूंना 'सैल हो' हे कोण सांगतं? एक वायू. नायट्रिक ऑक्साइड. एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन, एवढासा रेणू. शरीरात काही सेकंदच टिकतो.

याचा शोध कसा लागला ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या टांगून त्यांवर औषधांचे परिणाम मोजत असत. ॲसिटिलकोलिन घातलं की पट्टी कधी आवळायची, कधी सैल पडायची. एकच औषध, दोन उलटे परिणाम. बराच काळ कोडं सुटेना. अखेर ध्यानात आलं की पट्टी कापताना जिची आतली बाजू घासली गेली, ती सैल पडत नाही. धमनीच्या आत पेशींचा एकच, अतिशय पातळ थर असतो, अस्तरासारखा. तो खरवडला गेला की धमनीला सैल होता येत नाही. फर्चगॉट यांनी मग अस्तर नसलेली पट्टी अस्तर असलेल्या पट्टीला चिकटवून टांगली, आणि अस्तर नसलेलीही सैल पडली! म्हणजे अस्तरातून काहीतरी झिरपत शेजारी पोचत होतं. १९८० मध्ये हे प्रसिद्ध झालं. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे १९८७ च्या सुमारास ठरलं. फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिल, म्हणजेच ती निळी गोळी, मंजूर झाली. ती मुळात हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखतं त्यासाठी तपासली जात होती.

अस्तराच्या पेशींत एक विकर (एन्झाइम) असतं, नायट्रिक ऑक्साइड सिंथेज. ते अर्जिनिन या अमिनो आम्लापासून (शेंगदाण्यात, डाळीत भरपूर असतं) हा वायू बनवतं. वायू शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो, तिथे सायक्लिक जीएमपी नावाचा निरोप्या रेणू तयार होतो, पेशीतलं कॅल्शियम खाली येतं आणि स्नायू सैल पडतो. मग पीडीई-५ नावाचं दुसरं विकर त्या निरोप्याला मोडून टाकतं. गोळी या मोडणाऱ्याचे हात धरते. निरोप्या जास्त वेळ टिकतो. पण निरोप्या मुळात तयारच झाला नाही, तर गोळी टिकवणार काय? जुन्या मधुमेहात गोळीचा असर बऱ्याचदा कमी का पडतो, ते इथे कळतं.

सुरुवातीचा इशारा मज्जातंतूंकडून येतो, पण ताठरता टिकवतं ते अस्तर. रक्ताचा प्रवाह वाढला की तो अस्तरावरून घासत जातो. पेशींना ती ओढ कळते, त्या विकराच्या ठरावीक जागी एक फॉस्फेट बसतो आणि ते जोमाने वायू बनवू लागतं. पण या विकराला एक जोडीदार लागतो, टेट्राहायड्रोबायोप्टेरिन. नाव लांब आहे, पण त्याला वगळून पुढे जाता येत नाही. रक्तातली वाढलेली साखर, धूम्रपान आणि पोटातल्या चरबीतून सतत पाझरणारी दाहकारक रसायनं यांनी हा जोडीदार ऑक्सिडीकृत होतो, निकामी होतो. मग तेच विकर इलेक्ट्रॉन भलतीकडे देऊ लागतं आणि नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड हा घातक रेणू बनवतं. हे सुपरऑक्साइड उरलासुरला नायट्रिक ऑक्साइडही गिळून टाकतं. घरचाच माणूस फितूर व्हावा तसं हे. अर्जिनिनच्या महागड्या पावडरींवर माझा विश्वास नाही तो याचमुळे: गिरणी बिघडली असेल तर दाणे जास्त ओतून पीठ मिळत नाही.

हे अस्तर सगळ्या शरीरात एकच आहे. शिश्नाच्या धमनीचा व्यास साधारण १ ते २ मिलीमीटर, हृदयाच्या धमनीचा ३ ते ४, मांडीतल्या मोठ्या धमनीचा ६ ते ८. बिघाड सगळीकडे एकाच वेळी सुरू होतो, पण सर्वांत बारीक नळी आधी तक्रार करते. म्हणून बऱ्याच पुरुषांत ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या लक्षणांआधी दोन ते पाच वर्षं दिसते. मित्राला मी हेच पुन्हा पुन्हा सांगत होतो: ही तक्रार लपवशील तर पुढची सूचना छातीतून येईल.

आता मुद्द्याचा प्रश्न. वजन उतरवून, व्यायाम करून हे सुधारतं का?

इटलीत नेपल्सला कॅथरिन एस्पोसिटो आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ५५ वयाचे ११० लठ्ठ पुरुष घेतले. सगळ्यांना ताठरतेची तक्रार, पण मधुमेह किंवा रक्तदाब कोणालाच नाही. निम्म्यांना आहार आणि व्यायामाचं नेमकं, वैयक्तिक मार्गदर्शन दिलं. उरलेल्यांना नुसती सर्वसाधारण माहिती. दोन वर्षांनी पहिल्या गटाचा सरासरी बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) ३६.९ वरून ३१.२ वर आला आणि व्यायाम आठवड्याला ४८ मिनिटांवरून १९५ मिनिटांवर गेला. ताठरता मोजायची जी प्रश्नावली आहे तिच्यात त्यांचे गुण १३.९ वरून १७ झाले; दुसऱ्या गटाचे जवळजवळ जागच्या जागी. पहिल्या गटातल्या ५५ पैकी १७ जण नॉर्मल मानल्या जाणाऱ्या गुणांपर्यंत पोचले, दुसऱ्यातले फक्त ३. हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. साधारण तिघांतला एक, औषधाशिवाय! आणि दोघे तिथवर पोचले नाहीत, हेही तितकंच खरं.

'माझा इंडेक्स कुठे ३७ आहे' असं म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये. त्याच २००४ सालच्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र छापून आलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. इंडेक्स दोघांना एकच आकडा सांगत होता. आपल्या बांध्यात चरबी आत, पोटाभोवती साठते. म्हणून भारतीय पुरुषांसाठी कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत हवा असं धरतात. टेप बेंबीच्या पातळीला लावा, पोट आत न ओढता. पँटचा नंबर या कामी उपयोगाचा नाही, कारण पोट सुटलं की आपण पँट पोटाखाली घालू लागतो आणि नंबर तोच राहतो.

वजन आणि व्यायाम यांत जास्त काम कोण करतं, असं विचाराल तर मी व्यायामाकडे झुकेन. मॅसॅच्युसेट्सच्या त्याच पुरुषांचा पुढे आठेक वर्षं मागोवा घेतला, तेव्हा मध्यम वयात नुसतं वजन उतरवलेल्यांना फरक दिसला नाही. हालचाल चालू ठेवणाऱ्यांना किंवा नव्याने सुरू करणाऱ्यांना धोका कमी होता. २०२३ मध्ये ११ चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. दम लागेल असा नियमित व्यायाम करणाऱ्यांचे त्याच प्रश्नावलीतले गुण वाढले होते, आणि तक्रार जितकी तीव्र तितकी वाढ जास्त: सौम्य तक्रारीत २.३, मध्यम तक्रारीत ३.३, तीव्र तक्रारीत ४.९.

का, ते वर आलंच आहे. भरभर चालताना तासभर रक्त अस्तरावरून जोरात घासत जातं. आणि हे नुसतं अनुमान नाही. जर्मनीतल्या लाइपझिगला बायपास शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या काही रुग्णांना चार आठवडे व्यायाम दिला गेला. मग शस्त्रक्रियेत छातीतली जी धमनी वापरतात, तिचा छोटा तुकडा तपासला. व्यायाम न केलेल्यांच्या तुलनेत त्यात नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर दुप्पट होतं, आणि फॉस्फेट बसलेलं, म्हणजे कामाला लागलेलं, चौपट. चार आठवड्यांत! हात-पाय हलवले आणि छातीतल्या धमनीचं अस्तर बदललं. माझ्या लेखी या सगळ्या विषयातला हा सर्वांत सुंदर पुरावा आहे.

किती चालायचं? अभ्यासांवरून निघणारा ढोबळ हिशोब: दर वेळी ४० मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, किमान सहा महिने. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग. मधुमेह आधीच जडला असेल तर अपेक्षा बेताची ठेवावी. अमेरिकेत मधुमेही पुरुषांवर वर्षभराचा आहार-व्यायामाचा कार्यक्रम तपासला, तेव्हा सुधारणा झालेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं, २२ आणि २३ टक्के. पण बिघाड वाढलेले कार्यक्रमाच्या गटात ८ टक्के आणि दुसऱ्यात २० टक्के. घसरण थांबणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे.

रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर 'मर्दानी ताकद, खात्रीशीर इलाज' असं रंगवलेलं दिसलं की मला मनापासून राग येतो. अशा जाहिरातींवर आपल्या देशात १९५४ पासून कायद्याने बंदी आहे. 'शंभर टक्के वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. हृदयाचा रुग्ण जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतो, म्हणजे नायट्रेट; त्यातूनही हाच नायट्रिक ऑक्साइडचा मार्ग चालू होतो. त्यात अशी पुडी पोटात गेली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, आणि आपण नेमकं काय खाल्लं ते त्या माणसाला माहीतही नसतं.

मित्राला म्हटलं, गोळीला माझा विरोध नाही, ती उत्तम औषध आहे. पण डॉक्टरांनी लिहून दिलेली घे, आणि त्याआधी साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सकाळच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) आणि ईसीजी एवढं होऊ दे. चालू औषधांची यादीही दाखव. काही औषधांनीही ही तक्रार होते.

परवा त्याचा मेसेज आला. उपाशीपोटीची साखर १६२. कमर १०४ सेंटीमीटर, बेंबीशी मोजून. इतकी साखर त्याच्या अंगात केव्हापासून होती, कोणालाच माहीत नाही. घरी सगळं सांगितलंय म्हणाला, आणि रविवारी सकाळी सहाला तळजाईच्या टेकडीच्या पायथ्याशी तो आणि बायको, दोघंही येतायत.