लघवीत साखर 'निल', तरीही मधुमेह?

युरिन रुटीनचा रिपोर्ट हातात पडला की मधुमेहाची धास्ती असलेला माणूस आधी 'शुगर'ची ओळ शोधतो. तिथे 'निल' दिसलं की सुटलो म्हणतो. एवढी घाई बरी नाही.

मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून जेमतेम दीड-दोन लिटर लघवी बनते. गाळताना रक्तातलं ग्लुकोजही बाहेर पडतं, पण मूत्रपिंडातल्या बारीक नलिका ते जवळपास सगळं परत शोषून घेतात. रक्तातली साखर सुमारे १८० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की मात्र त्यांना हे झेपत नाही आणि साखर लघवीत उतरते. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त साखर पुन्हा तपासूनही आली, तर मधुमेह धरतात. म्हणजे १४०-१५० साखर घेऊन फिरणाऱ्याची लघवी खुशाल 'निल' येऊ शकते. गरोदरपणात ही १८०ची मर्यादा खाली येते, त्यामुळे रक्त ठीक असूनही लघवीत साखर दिसते. आणि मधुमेहावर डॅपाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांच्या लघवीत ती दिसणारच. नलिकांचं साखर शोषणं रोखणं हेच त्या गोळीचं काम.

तपासण्याची पद्धतही पाहायला हवी. पूर्वी सर्रास बेनेडिक्ट टेस्ट व्हायची: ५ मिली निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि उकळी. साखर वाढत जाईल तसा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी. निळा रंग मोरचुदाचा. पण मोरचुदाला ग्लुकोजची वेगळी ओळख नाही. बाळंतिणीच्या लघवीतलं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखरही रंग बदलते.

१९५६ मध्ये अमेरिकेतल्या माइल्स लॅबोरेटरीजमधल्या हेलन आणि आल्फ्रेड फ्री या जोडप्याच्या कामातून 'क्लिनिस्टिक्स' ही लघवीत बुडवायची पट्टी आली. तिच्यावरचं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) ग्लुकोजवरच काम करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. दुसरं विकर, पेरॉक्सिडेज, त्या पेरॉक्साइडच्या जोरावर रंग उमटवतं. आजच्या पट्टीवरचा साखरेचा चौकोन याच तत्त्वावर चालतो. तरी मला जुनी टेस्ट मोडीत काढावीशी वाटत नाही. गॅलॅक्टोसेमिया या जन्मजात विकारात बाळाच्या लघवीत गॅलॅक्टोज ही वेगळी साखर असते; पट्टीला ती दिसत नाही, बेनेडिक्टला दिसते.

पट्टी फसण्याची आणखी एक साधी वाट आहे. 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा मारा चालू असेल, तर हे जीवनसत्त्व पट्टीवर तयार झालेलं पेरॉक्साइड खाऊन टाकतं आणि साखर असूनही चौकोन रंगत नाही. म्हणून अशा गोळ्या चालू असतील तर नमुना देतानाच सांगावं.

नमुना शिळा असला तरी तोच घोळ. त्यातले जिवाणू ग्लुकोज फस्त करतात, शिवाय युरियापासून अमोनिया तयार करून लघवी अल्कधर्मी करतात आणि पेशीही फुटू लागतात. त्यामुळे तपासणी दोन तासांच्या आत व्हावी, नाहीतर बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. रात्रीच भरून खिडकीत ठेवलेली बाटली सकाळी लॅबच्या काउंटरवर आली, तर टेक्निशियन नवा नमुना मागतो, आणि त्याचं बरोबरच असतं.