साहस-खेळ व भूमिका-खेळ (संगणकीय)

साहस-खेळ व भूमिका-खेळ : संगणकावर किंवा दूरचित्रवाणीला जोडलेल्या खेळयंत्रावर खेळायच्या कथाप्रधान खेळांचे दोन जवळचे प्रकार. साहस-खेळात कोडी सोडवत, वस्तू गोळा करत अनोळखी जागेतून वाट काढायची असते. भूमिका-खेळात खेळणारा एका पात्राचे सोंग घेतो. त्या पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी इ. गुण आकड्यांत मांडलेले असतात आणि अनुभवाबरोबर वाढत जातात. साहस-खेळात खेळणारा शहाणा होतो, भूमिका-खेळात त्याचे पात्र, असा हा भेद आहे. साहस-खेळ दुसऱ्यांदा हाती घेतलेला माणूस तो झटपट उरकतो, कारण उत्तरे त्याच्या डोक्यात असतात. भूमिका-खेळ नव्याने मांडला की मुरलेल्या खेळाडूलाही पहिल्या पायरीवरून चढावे लागते. पुढील उगमचर्चेत हाच भेद कसोटी म्हणून वापरला आहे.

संज्ञा : वरील दोन्ही मराठी संज्ञा अजून रुळलेल्या नाहीत. बोलण्यात ‘ॲडव्हेंचर’ आणि ‘आरपीजी’ हेच शब्द चालतात. पोरांच्या तोंडी दोहोंना मिळून ‘स्टोरी गेम’. मराठी संज्ञा शोधायच्या तर बडोद्याकडे पाहावेसे वाटते; ते परिभाषा घडवणारे शहर. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत इ. भाषांतले पर्याय देणारा श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु १९३१ मध्ये येथेच सिद्ध झाला, आणि मुजुमदारांचा दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोशही (१९३६–४९) येथूनच निघाला. पण पहिला कचेरीचा कोश, दुसरा आखाड्याचा व मैदानाचा. प्रस्तुत विषयाला दोहोंतून काही हाती लागत नाही. बडोद्याच्या मराठी घरांत गुजरातीच्या सहवासाने ‘गेम रमतोय’ असा प्रयोग कानी पडतो. गुजरातीत रमवुं म्हणजे खेळणे, मराठीत रमणे म्हणजे गुंगून जाणे. शुद्धलेखनाच्या आग्रही मंडळींना तो खटकतो; भूमिका-खेळात चारचार तास गेलेल्या मुलाबद्दल मात्र याहून नेमका शब्द सापडणे कठीण.

सोंगट्या व फाशांच्या जुन्या खेळांत, विशेषतः मोक्षपटात (सापशिडीचे जुने रूप), भूमिका-खेळाचा पूर्वज शोधण्याची हौस आढळते. मोक्षपटाचे कर्तृत्व परंपरा ज्ञानदेवांकडे देते. त्याला समकालीन आधार दाखवला जात नाही. जीव पायरीपायरीने वर चढतो एवढे साम्य खरे. पण तेथे सर्व काही दानावर अवलंबून असते आणि खेळणाऱ्याला निवडीला जागाच नसते. त्यामुळे हे नाते अलंकारिकच मानलेले बरे.

साहस-खेळाचा उगम : या प्रकाराचे इंग्रजी नाव ज्या खेळावरून पडले तो ‘ॲडव्हेंचर’ (रूढ नाव ‘कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’) विल क्राउदर या अमेरिकन प्रणालीकाराने लिहिला. तो मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत होता. आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर त्याने काम केले होते. सुट्टीत तो केंटकी राज्यातील मॅमथ गुहासमूहात उतरून मोजमाप करी आणि मोजणीचे आकडे संगणकाला देऊन नकाशे काढी. खेळातील वीटबांधकामाची झोपडी, ओढा, जमिनीतली लोखंडी जाळी आणि तिच्याखालची वाट ही या गुहासमूहाच्या बेडक्विल्ट नावाच्या भागावरून घेतलेली आहेत. झोपडीच्या ठिकाणाचे अवशेष व जाळी प्रत्यक्ष जागेवर जाऊन ताडूनही पाहिली गेली आहेत. कल्पित साहसाच्या बुडाशी मोजणीदाराचा खरा नकाशा असावा, हे या प्रकाराच्या इतिहासातले सर्वांत बोलके सत्य आहे.

कालनिश्चितीबाबत दोन मते आहेत. जुन्या लेखनात १९७२ हे साल वारंवार येते. त्याच वर्षी सप्टेंबरात फ्लिंट रिज व मॅमथ या दोन गुहा आतून जोडलेल्या असल्याचा शोध लागला. शोध लावणाऱ्या तुकडीत क्राउदरची तेव्हाची पत्नी पॅट्रिशिया होती. या प्रसिद्ध घटनेचे साल खेळाला चिकटले असावे. दुसरे मत १९७५–७६ चे, आणि तेच अधिक ग्राह्य दिसते. त्याला दोन कारणे आहेत. क्राउदरच्या सांगण्यानुसार घटस्फोटानंतर दुरावलेल्या मुलींसाठी त्याने हा खेळ केला. आणि आपण खेळत असलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या (संगणकाविना, टेबलाभोवती बसून खेळायच्या) भूमिका-खेळाचा प्रभाव त्याने स्वतः मान्य केला आहे. तो बैठा खेळ १९७४ पूर्वी बाजारात नव्हता. तेव्हा १९७२ हे साल धरायचे तर प्रभाव आधी आणि त्याचे कारण नंतर, असा उलटा प्रकार होतो.

ग्रेगरी योबच्या ‘हंट द वम्पस’ला (सु. १९७३) अग्रमान द्यावा असाही एक पक्ष आहे. त्यात वीस गुहा असून प्रत्येकीतून तीन वाटा फुटतात. रचना द्वादशफलकाच्या (बारा पृष्ठांच्या घनाकृतीच्या) शिरोबिंदूंप्रमाणे. पण तेथे गुहा म्हणजे नुसता क्रमांक. जागेचे वर्णन नाही, उचलण्याजोगी वस्तू नाही. हा भूमितीचा सुरेख खेळ आहे. त्याला साहस-खेळ म्हणण्यास प्रस्तुत लेखक तयार नाही.

पाठभेद : क्राउदरचा मूळ पाठ (प्रणालीचा लिखित मजकूर) बरीच वर्षे हरवला होता. २००५ मध्ये तो स्टॅनफर्ड विद्यापीठातील जुन्या साठवणीत खेळात पुढे भर घालणाऱ्या डॉन वुड्सच्या विद्यार्थिदशेतील खात्यात मिळाला आणि डेनिस जेर्झ यांनी २००७ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोवर मूळ कोणते व भर कोणती याबद्दल अंदाजच चालत. मूळ पाठ फोर्ट्रान या संगणकभाषेत, सु. ७०० ओळींचा, त्यात ६६ खोल्या आणि १९३ शब्दांचा कोश. वुड्सने १९७७ मध्ये ठिकाणे १४० वर नेली, गुणांकन आणले (पूर्ण गुण ३५०), आणि ड्रॅगन, पुलावर जकात मागणारा राक्षस, ज्वालामुखीचे दृश्य यांची भर घातली. पुढे ४३० व ५५० गुणांच्याही आवृत्त्या झाल्या. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती (७ खंड, १९६०–७५) सिद्ध करताना जे प्रश्न पडले, तेच लहान प्रमाणात येथेही पडतात. पोथी नकलून घेणारा प्रत्येक जण थोडी भर घालतो आणि वाचकाला नेमकी ती भरच आवडते. ड्रॅगनचा प्रसंग खेळणाऱ्यांच्या ओठांवर असतो. त्याला कशाने मारायचे, याचे उत्तर ‘नुसत्या हातांनी’ हे आहे. आणि हा प्रसंग प्रक्षिप्त आहे.

तांत्रिक अंगाने एक बाब नोंदवण्याजोगी आहे. हा खेळ टंकलेल्या शब्दाची पहिली पाच अक्षरेच वाचतो. ज्या पीडीपी-१० यंत्रावर तो लिहिला गेला त्याचा ‘शब्द’ (एका वेळी हाताळायचा माहितीचा तुकडा) ३६ अंकांचा (बिट) होता आणि एका अक्षराला ७ अंक लागत; पाच अक्षरांचे ३५ होतात, एक अंक उरतो. परिणामी इंग्रजीतील ‘उत्तर’ व ‘ईशान्य’ यांची पहिली पाच अक्षरे सारखीच आल्याने ईशान्येसाठी दोन अक्षरी संक्षेप टंकावा लागे. मराठीत ही अडचण उद्भवलीच नसती, कारण आपल्याकडे चारही उपदिशांना स्वतंत्र नावे आहेत. ‘एक्सवायझेडझेडवाय’ या जादूच्या शब्दाबद्दलही वाद आहे. सदिश गुणाकार लक्षात ठेवण्याची ती खूण आहे, असे गणिती मंडळी आग्रहाने सांगतात. आपल्याला अशी खूण ठाऊकच नव्हती, शब्द मनानेच बनवला, असे क्राउदरचे म्हणणे. कर्त्याचा शब्द येथे प्रमाण मानावा.

भूमिका-खेळाचा उगम : गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) हा बैठा खेळ याच्या मुळाशी आहे, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो संगणकावर तो पहिल्याने कोणी आणला याचा. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या शैक्षणिक जाळ्यावर १९७५ च्या सुमारास ‘पीएडिट५’ आणि ‘डीएनडी’ असे दोन खेळ होते. पहिला रस्टी रदरफर्डचा. त्याचे नाव पाठ्यक्रमाच्या फायलीचेच होते. देखरेख करणाऱ्यांकडून तो पुसला जाई. ‘डीएनडी’चे कर्ते गॅरी व्हिझनहंट व रे वुड. दोहोंपैकी आधीचा कोणता हे बव्हंशी आठवणींवर ठरवले जाते आणि आठवणी जुळत नाहीत. १९७४ मधील ‘एम१९९एच’ नावाच्या आणखी एका खेळाचाही उल्लेख केला जातो. तो पुसला गेल्याने त्याचा पाठ उपलब्ध नाही. उपलब्ध पुराव्यावर पीएडिट५ कडे कल झुकतो, इतकेच म्हणता येते. शिक्षणासाठी उभारलेल्या जाळ्यावर विद्यार्थ्यांनी चोरून खेळ वाढवावा, यात मात्र नवल नाही.

पुढील वाटचाल सुपरिचित आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ‘झॉर्क’ (१९७७ पासून), रोबर्टा व केन विल्यम्स यांचे रेषाचित्रांसह ‘मिस्टरी हाऊस’ (१९८०), टंकण्याऐवजी क्रियापदांवर टिचकी मारायला लावणारे ‘मेनिॲक मॅन्शन’ (१९८७), मिलर बंधूंचे ‘मिस्ट’ (१९९३). दुसऱ्या, म्हणजे भूमिका-खेळाच्या शाखेत ‘अल्टिमा’ व ‘विझर्ड्री’ (दोन्ही १९८१). जपानमध्ये दोन्ही शाखा एकाच माणसाच्या हातून गेल्या. युजी होरीने आधी ‘पोर्टोपिया’ (१९८३) हा खुनाच्या तपासाचा साहस-खेळ केला, मग विझर्ड्रीची लढाई आणि अल्टिमाचा नकाशा एकत्र करून ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६). त्याच्या मूळ जपानी आवृत्तीत खेळ साठवण्याची सोय नव्हती. राजाकडे गेले की तो वीस अक्षरांचा मंत्र सांगे. तो कागदावर उतरवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकले की केलेली सारी मेहनत पाण्यात.

निवडक कृती : समीक्षकांच्या पसंतीच्या याद्यांत तीच ती नावे येतात आणि त्यांतील बरीच विक्रीच्या आकड्यांनी आत आलेली असतात. येथे मुद्दाम तीनच कृतींची दखल घेतली आहे. ‘ग्रिम फॅन्डँगो’ (१९९८) मध्ये नायक परलोकातील प्रवासाचा दलाल आहे. कथा चार वर्षांत, चार भागांत घडते. त्यातील काही कोडी तर्काला धरून नाहीत, हा दोष मान्य करूनही संवादांच्या धारेत त्याची बरोबरी करणारा साहस-खेळ प्रस्तुत लेखकाला आढळलेला नाही. ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ (१९९९) मधील अमर नायक शवागारात जागा होतो, स्मृती गेलेली. येथे तलवारीपेक्षा शहाणपण व बुद्धी वाढवणारा खेळाडू अधिक कथा पाहतो आणि शेवट बोलून गाठू शकतो. ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) मध्ये दारूत बुडून स्वतःचे नावही विसरलेला पोलीस आहे. त्याचे २४ गुण हे त्याच्या डोक्यातील बोलके आवाज आहेत आणि लढाईसाठी वेगळी यंत्रणाच नाही. शेवटच्या दोन्ही कृतींत नायकाची स्मृती गेलेली असावी, हा योगायोग नव्हे. पात्राला काहीच आठवत नाही आणि खेळणाऱ्याला काहीच ठाऊक नाही, तेव्हा दोघे एकाच गतीने शहाणे होतात आणि या नोंदीच्या आरंभी केलेला भेद तेवढ्यापुरता मिटतो. आकडे चढवण्यासाठी तेच ते राक्षस शेकड्याने मारायला लावणाऱ्या कृतींत ही गोष्ट साधत नाही, मग त्या कितीही लोकप्रिय असोत.

भारतात : नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायची स्वस्त नकली यंत्रे घरोघर आली. त्यांच्या अनेक खेळ भरलेल्या कॅसेटांत धावाधावीचे, उड्यांचे व गोळीबाराचे खेळ असत. वाचत खेळायच्या खेळांना त्यांत जवळजवळ स्थान नव्हते. भारतीय बनावटीच्या कृतींत प्राचीन भारताच्या धर्तीवरील कल्पित राज्यात दुष्काळ दाखवणारा ‘अनरेस्ट’ (२०१४) हा भूमिका-खेळ आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) हा मारधाडीकडे झुकणारा साहस-खेळ उल्लेखनीय होत.

बडोद्यापुरते बोलायचे तर छापील साधन नाही. दांडिया बाजारातील एका मराठी घरातली, कोलॉसल केव्ह खेळताना भरलेली गणिताची चौकटीची वही प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आहे. एका चौकटीत एक खोली, वाटांना बाण, दिशांना उ, द, पू, प. ‘वर’ आणि ‘वायव्य’ यांची गल्लत होऊ नये म्हणून पहिल्याला व, दुसऱ्याला वा. समासात सूचना : ‘काठी हातात असली की पक्षी घाबरतो, काठी टाक मग धर’, खाली ‘साप : पक्षी सोड’. सारख्या दिसणाऱ्या वाटांच्या चक्रव्यूहात ओळख पटावी म्हणून प्रत्येक खोलीत एकेक वस्तू टाकत जायची असते. त्या पानावर चौकटींत किल्ल्या, बाटली, पिंजरा अशी नावे आहेत. वस्तू संपल्या तेथे दिव्याचेही नाव लिहिलेले असून ते पेन्सिलीने दोनदा खोडले आहे.