भुलाबाईची गाणी

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, म्हणजे महिनाभर, विदर्भातल्या गावांत मुली संध्याकाळी जमून म्हणतात ती लोकगीते. वऱ्हाडात आणि नागपूर-वर्ध्याकडे ही चाल आहे; खान्देशातही भुलाबाई बसते, काही भागांत तिला गुलाबाई म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातला भोंडला किंवा हादगा हा याच कुळातला. पण तिथे सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात. इकडे मातीची भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर, घरात मांडतात आणि मुली त्यांच्यासमोर बसून टिपऱ्या वाजवत गातात. पार्वतीने भिल्लिणीचे रूप घेऊन शंकराला भुलवले, अशी कथा सांगतात.

संगीत म्हणून पाहिले तर सामग्री अगदी थोडी. चाल मोजक्या स्वरांत फिरते, एक-दोन ओळींतच संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ताल टिपऱ्यांचा. गाणे पुढे सरकते ते शब्दांच्या साखळीवर. सून माहेरी जायला निघते, तर सासू कारल्याचे बी पेरायला सांगते. मग कोंब येऊ दे, वेल चढू दे, फूल लागू दे, कारले लागू दे, भाजी होऊ दे. दर कडव्याला एक अट वाढते, चाल मात्र तीच राहते, आणि सुनेची अडवणूक ऐकणाऱ्यालाही जाणवू लागते. कंटाळवाणी वाटणारी पुनरावृत्ती इथे आशयाचेच काम करते. सासू, नणंद, दीर, रुसवे, दागिने, भुलाबाईचे डोहाळे, तिच्या बाळाचा पाळणा असे बाकीचे विषय. सासर न पाहिलेल्या पोरी सासरची यथेच्छ टिंगल करतात आणि ज्यांनी ते भोगले त्या बाया दारात उभ्या राहून हसतात.

गाणी संपली की खिरापत. घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखवते. आवाजावरून, आंबट की गोड विचारत, मुली पदार्थ ओळखतात. न ओळखता येईल असे काही करण्यात आयांची चढाओढ असते.

कोजागिरीच्या रात्री ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून त्यात भुलाबाई बसवतात. पूजा, आटीव दूध आणि मग विसर्जन. हे दिवस सोयाबीन सोंगणीचे. सोयाबीनने खरिपाच्या ज्वारीची जागा घेतल्यापासून धांडे सहज मिळत नाहीत. धुऱ्याकडेला, म्हणजे शेताच्या बांधाला लागून, कोणी चार ओळी ज्वारी पेरली असेल तर त्याच्याकडे मागायला जावे लागते.

अलीकडे या गाण्यांच्या स्पर्धाही होतात. मंचावर पेटी-तबल्याची साथ मिळते, गाणी नेटकी बसवलेली असतात. पण मध्येच नवे नाव घुसवून शेजारणीला चिडवण्याची मोकळीक तिथे उरत नाही.