घोडा आपटतो तेव्हा केपमध्ये काय घडतं?

अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातल्या रिव्हॉल्व्हरची आजची प्रतिकृती पाहिली की अनेकांचे दोन गैरसमज होतात. एक म्हणजे ही शोभेची वस्तू असावी. दुसरा म्हणजे घोडा, म्हणजे मागचा हातोडीसारखा भाग, आपटला की ठिणगी पडते आणि दारू पेटते. इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्डोने व्हाल ट्रोम्पियामध्ये उबेर्ती कंपनीने १९५९ साली ‘कोल्ट १८५१ नेव्ही’च्या प्रतिकृतीपासूनच सुरुवात केली. या हत्यारांतून खरोखर गोळी सुटते. आणि घोड्याची दारूशी गाठ कधीच पडत नाही.

मध्ये असते केप. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्राच्या प्रत्येक घरात पुढून काळी दारू आणि शिशाची गोळी ठासतात. मागच्या बाजूला बारीक भोक असलेलं निपल असतं, त्यावर तांब्याची इवलीशी टोपी, म्हणजेच केप, बसवतात. तिच्या तळाशी चिमूटभर मसाला असतो. घोडा या टोपीवर पडतो, मसाला फुटतो आणि ज्वाळा निपलमधून दारूपर्यंत पोहोचते.

त्याआधी चकमकीच्या बंदुकीत आधी रंजक, म्हणजे बाहेरची चिमूटभर दारू, पेटायची. तिची चमक दिसताच पक्षी उडून जातात, हे अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाला खटकलं. आघाताने फुटणारं फल्मिनेट नावाचं रसायन वापरून त्याने १८०७ मध्ये पेटंट मिळवलं. मसाल्यात हेच फल्मिनेट असलेली तांब्याची टोपी नंतर आली आणि १८३६ मध्ये सॅम्युएल कोल्टने पेटंट घेतलेलं रिव्हॉल्व्हर तिच्याच जोरावर चाललं.

पण नुसत्या आघाताने रसायन फुटतं कसं? थोडा हिशोब करू. समजा घोड्याची अर्धा ज्यूल ऊर्जा २५ मिलिग्रॅम मसाल्यात सारखी वाटली गेली. मसाल्याचा विशिष्ट उष्मा ग्रॅममागे अंशाला १ ज्यूल धरला, तर तापमान वाढेल जेमतेम २० अंश. एवढ्याने काहीच फुटणार नाही! म्हणजे ऊर्जा सारखी वाटली जात नाही, हाच खरा मुद्दा. विसाव्या शतकात केंब्रिजमध्ये बाउडन या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ती काही सूक्ष्म जागांवर एकवटते. मसाल्यात अडकलेले हवेचे बुडबुडे क्षणात दाबले जातात आणि तापतात. सायकलचा पंप हवा भरताना तापतो, त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे उष्णतेला निसटायला वेळच मिळत नाही. स्फटिकही एकमेकांवर घासतात. घासणाऱ्या कणाचं तापमान त्याच्या द्रवणांकापाशी अडतं, कारण तो वितळला की कोरडं घर्षण संपलं. म्हणून मसाल्यात काचेची पूड मिसळत: काच कठीण असते आणि सहज वितळत नाही. अशा एखाद्या तप्त बिंदूपाशी फल्मिनेटचा रेणू तुटतो, नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात, त्यातून सुटलेली उष्णता शेजारच्या रेणूंना तोडते आणि सगळा मसाला भडकतो. मला या सगळ्या यंत्रातला हा क्षण सर्वांत विलक्षण वाटतो.

पाऱ्याचं फल्मिनेट आता मागे पडलं, त्याऐवजी बहुधा शिशाचं स्टिफनेट हे दुसरं स्फोटक रसायन वापरतात. ‘जुन्या पोलादाची सर आजच्याला नाही’ असं काही जण कौतुकाने म्हणतात, तेही खरं नाही. आजचं पोलाद अधिक एकसारखं आणि तपासलेलं असतं. तरीही या प्रतिकृतीत धूरविरहित दारू भरणं जिवावर बेतू शकतं, कारण तिचा दाब सोसण्यासाठी हे चक्र बनवलेलं नसतं. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घन राखेच्या आणि धुराच्या रूपात उरतं, आणि ते ओलावा धरून लोखंड खातं. म्हणून नेमबाज त्याच दिवशी गरम साबणपाण्याने नळी धुतात.

गोळी मुद्दामच घरापेक्षा किंचित मोठी घेतात. ठासताना शिशाचं बारीक कडं सोलून निघतं आणि घर घट्ट बंद होतं. तसं झालं नाही, किंवा केप सैल बसली, तर एका बाराची आग शेजारच्या घरात शिरून दोन-तीन बार एकदम उडू शकतात. फुटलेल्या केपचे तुकडे यंत्रात पडले तर चक्र अडकतं. त्यामुळे अनुभवी माणसं पुढच्या बारासाठी घोडा ओढताना नळी वर उचलतात, म्हणजे तुकडे मागे, यंत्राबाहेर पडतात.