सदाफुली : घरच्या बागेतील लागवड

सदाफुली (कॅथरँथस रोझिअस, कुल ॲपोसायनेसी) हे मूळचे मादागास्करचे बहुवर्षीय झुडूप महाराष्ट्रात आता अंगणापासून पडीक जागेपर्यंत सगळीकडे रुजले आहे. उंची ३० ते ९० सेंमी; पाच पाकळ्यांची गुलाबी किंवा पांढरी फुले जवळजवळ बाराही महिने येतात. पाने कडू व विषारी असल्याने गुरे-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. व्हिनक्रिस्टिन व व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरील औषधे याच झाडापासून मिळतात, त्यामुळे मधुमेहावर घरगुती उपाय म्हणून पाने चावून खाणे धोक्याचे आहे.

हे झाड तहानेने क्वचितच मरते. मुळाशी पाणी साचले की मात्र हमखास जाते. म्हणून काळ्या, भारी जमिनीत १५ ते २० सेंमी उंचीचा गादीवाफा करूनच लावावे. कुंडी ८ ते १० इंचांची, तळाची छिद्रे मोकळी. तीत दोन भाग पोयटा माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चांगले कुजलेले शेणखत. ऊन रोज निदान सहा तास हवे. खताचा मारा केल्यास पाला माजतो, फुले कमी होतात.

शेंगा जोडीने लागतात. हिरवा रंग पिवळसर झाला की लगेच तोडून कागदी पाकिटात वाळवाव्यात, नाहीतर त्या उकलून काळे बारीक बी मातीत सांडते. उगवण्यासाठी बियाला अंधार लागतो; नुसते वर भुरभुरलेले बी नीट उगवत नाही. ४-५ मिमी माती पसरून ओल टिकवली की आठ ते पंधरा दिवसांत कोंब दिसतात. सहा-आठ पानांवर आलेली रोपे ३० सेंमी अंतराने लावावीत आणि १० सेंमी उंचीला शेंडा खुडावा. संकरित वाणांच्या बियांपासून तीच फुले मिळतील असे नाही.

मातीचा वरचा थर दोन-तीन सेंमी सुकल्यावरच पाणी द्यावे, तेही बुंध्याशी. भर दुपारी पाने वळली तरी ती संध्याकाळपर्यंत सावरतात. सकाळीही झाडाने मान टाकलेली असेल, तर आधी बोट घालून माती पाहावी. कोरडी असल्यास पाणी घालावे. ओली असून जमिनीलगतची साल काळपट पडली असेल आणि हाताने सुटत असेल, तर ती फायटॉफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाची कूज आहे. अशा वेळी आणखी पाणी घातल्यास उरलेली मुळेही जातात. पावसाळ्यात चिखल उडून फांद्याही कुजतात, म्हणून कुंड्या वळचणीखाली सरकवाव्यात.

फुलांच्या जागी हिरवी पानेच येऊ लागली, तर तो तुडतुड्यांमार्फत पसरणारा फायटोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचा रोग. त्यावर इलाज नाही. झाड उपटून नष्ट करावे, बी-छाट घेऊ नये.

दोन-तीन वर्षांत बुंधा लाकडी होऊन झाड खालून उघडे पडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरचा एक तृतीयांश भाग छाटावा; निरोगी फांद्यांचे ८-१० सेंमीचे तुकडे, खालची पाने काढून, ओलसर वाळूत सावलीला ठेवल्यास तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात.