एचएफ डेटा मॉडेम

एचएफ डेटा मॉडेम म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या शॉर्टवेव्ह रेडिओवरून मजकूर, ईमेल, छोट्या फाइल्स पाठवायचं साधन. मधे टॉवर लागत नाही, फायबर नाही, सॅटेलाइटही नाही. मॉडेम बिट्सचे टोन बनवतो, ते एसएसबी सेटमधे (आवाज अरुंद पट्ट्यात बसवून पाठवणारा रेडिओ) माइकच्या जागी जातात आणि पलीकडचा मॉडेम ते ऐकून परत बिट्स काढतो. चॅनेल जेमतेम ३ किलोहर्ट्झचा, त्यामुळे वेग कमीच, खरा कस लागतो तो अक्षर न अक्षर बरोबर पोचवण्यात.

नाशिक जिल्ह्यात ह्याचं महत्त्व नकाशा बघितला की कळतं. सुरगाणा, पेठ, हरसूल, इगतपुरी, सगळीकडे डोंगर, आणि व्हीएचएफ वॉकीटॉकी डोंगर आडवा आला की अडते. एचएफला मात्र साधा डायपोल (तारेचा अँटेना) जमिनीपासून थोड्याच उंचीवर बांधला की लहर जवळजवळ सरळ वर जाते, दोन-चारशे किलोमीटरवरच्या एफ थरातून (वातावरणातल्या विद्युतभारित आयनोस्फिअरचा वरचा थर) परत खाली येते आणि मुंबई, पुणे, धुळ्यापर्यंतचा सगळा परिसर व्यापते, दऱ्यासुद्धा. ह्याला एनव्हीआयएस म्हणतात. दिवसा साधारण ७ मेगाहर्ट्झ चालतं, रात्री ३.५ च्या आसपास उतरावं लागतं, कारण वरचा थर विरळ होतो. भर दुपारी खालची फ्रिक्वेन्सी घेतली तर आयनोस्फिअरचा खालचा डी थर ती शोषून टाकतो.

आता अडचण. एकच सिग्नल एका उडीत येतो, तोच पुन्हा जमिनीवर आपटून दोन उड्यांत येतो, मधे २-३ मिलिसेकंदांचा फरक. त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या कड्यासमोर हाक मारली की शब्दावर शब्द चढतो, तसंच हे. ३०० बॉडच्या (सेकंदाला ३०० बिट) जुन्या पॅकेट रेडिओत, म्हणजे डेटा तुकड्यातुकड्यांनी पाठवणाऱ्या पद्धतीत, एक बिट ३.३ मिलिसेकंदांचा, म्हणजे मागून येणारी प्रत बराचसा बिट खाऊन टाकते, म्हणून एचएफवर पॅकेट रडतखडतच चालतं. त्यात नाशिकची जागा अशी की दक्षिणेला चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मधली रेषा (१९६३ साली केरळातल्या थुंब्याला रॉकेट केंद्र काढलं ते ही रेषा तिथे जवळ म्हणूनच) आणि उत्तरेला गुजरात-मध्य प्रदेशावरचा दाट इलेक्ट्रॉनचा पट्टा, आपण ह्या दोन्हींच्या मधे. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, विशेषतः सूर्यावर खळबळ जास्त असलेल्या वर्षांत, सूर्यास्तानंतर वरचा थर फाटल्यासारखा होतो आणि सिग्नल थरथरायला लागतो.

ह्यावर उपाय काय, तर वेगाचा त्याग. १९९१ च्या मिल-एसटीडी-१८८-११०ए ह्या अमेरिकन लष्करी मानकाचा हिशोब बघण्यासारखा आहे: सेकंदाला २४०० चिन्हं, प्रत्येकात ३ बिट, म्हणजे ७२००. त्यातली एक तृतीयांश चिन्हं दोन्ही बाजूंना आधीच माहीत असलेली, ती ऐकून इक्वलायझर मागून येणाऱ्या प्रतींचा अंदाज घेतो आणि त्या वजा करतो, उरले ४८००. त्यातले निम्मे चुका दुरुस्त करायला, म्हणजे हातात २४०० बिट, आणि सिग्नलची वाट खराब असेल तर हेच मॉडेम ७५ पर्यंत खाली येतं. शिवाय इंटरलीव्हर बिट्सची अदलाबदल करून ते ०.६ किंवा ४.८ सेकंदांवर पसरवतो, म्हणजे सिग्नल क्षणभर बुडाला तरी एकाच शब्दाचे सगळे बिट जात नाहीत.

तरीही चुकलं तर परत मागायचं, ह्याला एआरक्यू म्हणतात. जहाजांवरच्या सिटॉर ह्या रेडिओ-टेलेक्समधे ३ अक्षरं पाठवून उत्तराची वाट बघायची पद्धत होती. जर्मनीतल्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींनी काढलेली पॅक्टर ही पद्धत त्यापुढे गेली, त्यात बिघडलेलं पॅकेट फेकून न देता जपून ठेवतात आणि पुन्हा आलेल्या प्रतीशी बेरीज करून वाचतात, दोन्ही खराब असली तरी मिळून बऱ्याचदा मजकूर निघतो. माझ्या मते ह्या क्षेत्रातली ही सगळ्यात सुंदर कल्पना. आज हॅम लोक कॉम्प्युटरच्या साउंडकार्डवरच वारा, आर्डॉप ही मॉडेम सॉफ्टवेअरं चालवतात, विनलिंक ह्या रेडिओ-ईमेल सेवेवरून ईमेल जातात.

२०२७ च्या सिंहस्थासारख्या गर्दीत मोबाइल नेटवर्क कोंडतं, घाटात दरड कोसळली तर फायबर तुटतं, तेव्हा बॅटरीवरचा एक सेट आणि लॅपटॉप 'कुठे, किती जण, काय हवं' एवढं नक्की पोचवू शकतो, म्हणून जिल्ह्यात अशी थोडी तरी स्टेशनं आधीपासून तयार असायलाच हवीत. त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा देऊन हॅम लायसन्स काढावं लागतं, आणि ह्या बँडवर गुप्त कोडमधे संदेश पाठवायला मनाई आहे. अँटेनाची जागा निवडताना शहरातले स्वस्त एलईडी, चार्जर, सोलर इन्व्हर्टर ह्यांच्यापासून लांब राहावं, त्यांच्या खरखरीत दुर्बळ सिग्नल बुडतो.